वळणावरचा ओटा

त्या बोळात जागा वाया चालली आहे, असं मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. ठरवून टाकायची मला भारी खोड आहे. आर्किटेक्ट झाल्यापासून कुठेही गेले की आधी मोकळी जागा दिसते, माणसं मागाहून.

एका संस्थेने शहरातल्या दुर्लक्षित बोळांसाठी लहानशा बांधकामांचे आराखडे मागवले होते. चार माणसांना टेकता येईल, थोडी सावली होईल, एवढंच. माझ्या वाट्याला सुतळी बोळ आला. जाधवमंडीच्या मागच्या अंगाला, रस्त्यावरून आत शिरलं की तीस-पस्तीस पावलं सरळ, मग काटकोनात उजवीकडे वळण, वळणापुढे सात घरं आणि मग भिंत. रुंदी पावणेचार फूट. दोन माणसं समोरासमोर आली की एकाने भिंतीला पाठ लावायची. आठवड्यातून एकदा नळ येतो, त्या दिवशी बोळभर पाईप पसरलेले असतात. एरवी तिथे कोणी थांबत नाही.

थांबायची ती फक्त द्वारकाबाई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे गेलेली, आवाज मात्र खणखणीत. वळणावर, आतल्या बाजूच्या घराचा कोपरा कोणी तरी कधी काळी तासून काढला होता. तिथे तीन कोनांची छोटी जागा तयार झाली होती, त्यात ती रंगाची वीस लिटरची रिकामी बादली पालथी घालून बसायची. एका अंगाला आतली सात घरं दिसायची, दुसऱ्या अंगाला थेट रस्ता.

"घरात काय दिसतंय? भित्ताडं," ती मला म्हणाली. "हितून मान्सं दिसत्यात. पन पाठीची पार वाट लागती बग. मला पाठ टेकायला कायतरी कर, पोरी."

मला आजवर मंत्र्यासंत्र्यांच्या बंगल्यांची कामं मिळाली नाहीत, मिळणारही नाहीत. पण इतकं सरळ, इतकं करता येण्याजोगं मागणं माझ्याकडे आजवर कोणी केलं नव्हतं. मी त्याच क्षणी त्या बाईच्या प्रेमात पडले. घरी येऊन रात्रीच्या जेवणाआधी स्केच काढलं. तासलेल्या कोपऱ्यात पक्का ओटा, पाठीला सिमेंटची जाळी, पुढच्या टोकाला लोखंडी खांब, त्याच्यावर तिरपा पत्रा. कोपरा तासलेला का आहे, हा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. बैलगाडीसाठी असेल, असं म्हणून मी पुढे गेले. पावणेचार फुटांच्या बोळात बैलगाडी शिरेल कशी, हे पाच वर्षं वास्तुकला शिकलेल्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

जागा नक्की करायला मी नळाच्या दिवशी गेले, कारण त्या दिवशी झाडून सगळे घरी असतात. द्वारकाबाईचा मुलगा कडूबा चिकलठाण्याच्या एका कंपनीत कामाला होता, त्याने सुटी टाकली होती. बायका पाईप धरून उभ्या होत्या. द्वारकाबाई बादलीवर.

"इथे," मी तासलेल्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले.

 नुसतं ड्रममध्ये पडणाऱ्या पाण्याचा आवाज. मग चतुराबाई बोलली. ही समोरच्या घरात एकटी राहायची, पासष्टीची, नवरा नाही, मूल नाही, आणि बोलण्यात कुणाला हार जाणारी नाही. पण ती सुद्धा त्या दिवशी पाईपाकडे बघत म्हणाली, "दुसरीकडं बगा की, म्याडम. तिकडं आत, शेवटाला."

"शेवटाला रस्ता दिसत नाही. आजींना माणसं दिसायला हवीत."

"व्हय, ते बी खरं."

"मग इथे काय वाईट आहे?"

"वाईट काय नाय."

"मग?"

"असंच. तिथं नगं."

मी कडूबाकडे बघितलं. तो पायाच्या अंगठ्याने पाईप सरळ करत होता. गवंडीकामासाठी मी फकिराला बोलावलं होतं. साठीचा माणूस, याच भागात जन्म गेलेला, हातात कसब असलेला कारागीर. त्याला विचारलं. "जागा सोडा ती, म्याडम," तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. लोकांना कारण विचारायचं आणि लोकांनी "असंच" म्हणायचं, याचा मला मनस्वी संताप येतो. "काय आहे इथे?" मी विचारलं. "भूत आहे? लिंबू उतरून टाकता का इथे?" कोणी हसलं नाही. सगळ्यांनी एकदा द्वारकाबाईकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. मला वाटलं, ही सगळ्यांत मोठी, म्हणून निर्णय तिच्यावर सोडताहेत.

"बांद पोरी, हितंच बांद," द्वारकाबाई म्हणाली. "ह्यांच्या नादी लागू नगंस. पाठ टेकायला येईल न्हवं?"

"येईल."

"मग झालं."

संस्थेच्या फॉर्मवर एक रकाना होता, रहिवाशांची हरकत आणि तिचं कारण. मी लिहिलं, हरकत आहे, कारण नाही. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

काम सुरू झालं त्या सकाळी फकिरा कुठून तरी एक लांब बांबू घेऊन आला. सात फुटांचा असेल. त्याने तो आडवा धरला, कमरेच्या उंचीवर, आणि आतल्या घरांकडून हळूहळू वळणाकडे चालत आला. वळणावर थांबला. बांबूचं एक टोक त्याने तासलेल्या कोपऱ्यात घातलं, दुसरं टोक फिरवलं, आणि बांबू भिंतीला न लागता रस्त्याच्या बाजूला वळला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. काही तरी समजून घ्या, असं ते बघणं होतं. मी हातातलं लेझर मोजणीयंत्र दाखवत म्हणाले, "मामा, मापं माझ्याकडे आहेत. तो बांबू बाजूला करा, माणसं अडकतायत."

त्याने बांबू बाजूला केला. नंतर एकदा म्हणाला, "विटांत घ्या, म्याडम. चिखलात. आन् खांबाला नटबोल्ट लावू. कधी काढायचं झालं तर निघंल."

"काढायचं कशाला? आपल्याकडे तेच तर होतं. काढता येतं म्हणून लोक काढून नेतात. सळ्या घाला, काँक्रीट ओता, खांब दोन फूट खाली गाडा. माझ्यानंतरही राहिला पाहिजे."

"ऱ्हाईल की," फकिरा म्हणाला.

आणि राहिला. चांगलाच झाला होता, खोटं कशाला बोलू. द्वारकाबाई सकाळी चहाची बशी घेऊन ओट्यावर यायची ती ऊन चढेपर्यंत हलायची नाही. जाळीला पाठ लावून शेंगा सोलायची, रस्त्यावरून आत येणाऱ्या प्रत्येकाला हटकायची. दुधवाला, मीटरवाला, लग्नाची पत्रिका वाटायला आलेला पाहुणा, कुणालाच ती सोडत नव्हती. मी आठवड्यातून एकदा जायचे. कामाच्या निमित्ताने म्हणायचे, पण काम संपलं होतं. माझा घटस्फोट झाला त्या वर्षी मी कुठेच बसत नव्हते, आईकडे सुद्धा नाही. तिच्या शेजारी त्या ओट्यावर बसायचे. ती माझ्या ओंजळीत शेंगदाणे टाकायची आणि म्हणायची, "खा. लई वाळलीस." बाकी काही विचारायची नाही.

ओट्याचा फोटो एका मासिकात आला. पुण्यात मी त्याच्यावर अर्धा तास बोलले. वाया गेलेल्या कोपऱ्यातून माणसांची जागा, असं काही तरी. टाळ्या पडल्या. फोटोत द्वारकाबाई जाळीला टेकून हसते आहे. चतुराबाई मागे दारात उभी आहे. ती ओट्यावर कधी बसली नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या शेवटी, सकाळी कडूबाचा फोन आला.

"म्याडम, आई गेली. च्या प्याली, कप ठिवला आन् गेली. तुमच्यावर लई जीव व्हता तिचा, म्हून सांगितलं."

मी पोचले तेव्हा अकरा वाजायला आले होते. रस्त्यावर गाडी तयार होती. बोळात बायका भिंतींना लागून उभ्या होत्या. मी वळणाशी, ओट्याजवळ जाऊन थांबले. आतल्या घरांसमोर तिरडी बांधून झाली होती. द्वारकाबाईला नवं लुगडं नेसवून तिच्यावर झेंडूच्या माळा टाकल्या होत्या. चेहरा इतका लहान झाला होता. कडूबाने विस्तवाचं मडकं हातात घेतलं, चौघांनी तिरडी खांद्यावर घेतली, आणि ते चालत वळणापर्यंत आले.

तिथे थांबले.

पुढच्या दोघांनी वळायचा प्रयत्न केला. बांबूचं टोक माझ्या खांबावर आपटलं. ते मागे सरले, तिरडी थोडी तिरपी केली, पुन्हा पुढे आले. आता मागचं टोक समोरच्या भिंतीला लागलं. खाली घेऊन बघितली, तर ओटा आणि जाळी आडवी. वर घेऊन बघितली, तर पत्रा. कुणी ओरडलं नाही, कुणी काही सुचवलं नाही. सगळ्यांना आधीपासून माहीत असल्यासारखे ते गप्प प्रयत्न करत होते. तिसऱ्यांदा बांबू खांबाला लागला आणि द्वारकाबाईची मान एका बाजूला कलली.

तेव्हा मला कळलं. कोपरा कशासाठी तासला होता ते, आणि फकिराने सात फुटांचा बांबू कशासाठी आणला होता ते, सगळं एका दमात कळलं. नळाच्या दिवशी सगळ्यांनी द्वारकाबाईकडे पाहून नजर का काढून घेतली, तेही. आमच्या सिडको वसाहतीत माणूस गेलं की गाडी फाटकाशी येते. माझ्या आजोबांना तर दवाखान्यातून परस्पर नेलं. तिरडीला वळायला किती जागा लागते, हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नव्हता. आणि ज्यांना माहीत होतं, ते म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर तो शब्द काढणार कसे?

"तोडा!" मी ओरडले. "फकिरामामा, तोडा हे. आत्ताच्या आत्ता."

फकिरा गर्दीतच होता. "सळ्या हायत, म्याडम," तो खाली बघत म्हणाला. "मशीन आनून तोडायचं तर दोन-तीन तास जात्याल."

"मग आणा मशीन!"

"नाय," कडूबा म्हणाला. "तवर तिला उनात ठिवू का? आन् तोडायचं नाय. आई सांगून गेलीय."

"काय सांगून गेली?"

"मागंच म्हनली व्हती, मला उचलून ने. पन ओटा फोडू नगंस, पोरीनं हौसेनं केलाय."

मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. मडकं खाली ठेवायचं नसतं. पुरुषांच्या खांद्यावर तिरडी होती किंवा हात तिला लागलेले होते. सगळ्यांत जवळ मीच. त्याने मडक्याचं शिंकाळं माझ्या हातात दिलं. मी ते धरलं. आतला विस्तव पायाला भाजत होता आणि मला तो भाजू द्यावासा वाटला.

त्यांनी तिरडी खाली घेतली. कडूबाने सुतळीच्या गाठी सोडल्या. माळा बाजूला केल्या, आईच्या मानेखाली एक हात घातला, गुडघ्यांखाली दुसरा, आणि तिला उचललं. दुखऱ्या गुडघ्यांना सवयीने जपत उचललं. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं. पदर सरकला, तो चतुराबाईने पुढे होऊन सारखा केला. पन्नाशीचा माणूस आईला कडेवर घेऊन माझ्या ओट्याला वळसा घालून गेला. मागून दोघांनी रिकामी तिरडी उभी करून नेली. वळणापलीकडे तिला पुन्हा झोपवलं आणि पुन्हा गाठी मारल्या. कडूबा परत आला, माझ्या हातातून मडकं घेतलं आणि म्हणाला, "तरास झाला तुम्हाला."

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

ते गेल्यावर बोळात बायका उरल्या. कोणी मला काही बोललं नाही, चतुराबाईने पाणी सुद्धा आणून दिलं. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी तिथे थांबू शकले असते. मी रस्त्यावर जाऊन गाडीत बसले आणि रडले.

तेरवी झाल्यावर, चौदाव्या दिवशी मी फकिराला आणि काँक्रीट फोडायच्या मशीनला घेऊन बोळात गेले. नेमका नळाचा दिवस होता, सगळे घरी होते. कडूबाने डोक्याचे केस उतरवले होते. मशीन बघताच तो येऊन ओट्यासमोर उभा राहिला.

"नाय, म्याडम. तिचा शबूद हाय."

"कडूबाभाऊ, चूक माझी आहे. मला दुरुस्त करू द्या."

"तुमची कसली चूक? तिला समदं ठाऊक व्हतं."

"तुम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. मग मला का सांगितलं नाही? मी तोंडाने विचारत होते, का नको म्हणून!"

"ती समोर बसली व्हती." तो माझ्याकडे असं बघत होता, जणू मी मुद्दामच वेड पांघरते आहे. "जित्या मान्सासमोर त्याच्या जायाचं माप काढायचं का?"

फकिरा तासलेल्या भिंतीचा जो भाग ओट्यावर दिसत होता त्याच्यावर हात फिरवत होता. "मपल्या आज्यानं तासलाय हा कोपरा," तो म्हणाला. "ह्या घराच्या मालकाचा बाप गेला, तवा हितंच अडकला व्हता. मालकानं सुतक फिटल्यावर सोताची भित फोडून घितली. आजा सांगायचा. मी तुम्हाला बांबू दावला, म्याडम. तोंडानं बोलाया पायजे व्हतं."

"बोलायला पाहिजे होतं," मी म्हणाले. रागाने म्हणाले. पण राग त्याच्यावर नव्हता.

कडूबा हलेना. गेलेल्या आईचा शब्द मोडायचा म्हणजे काय, हे मला कळत होतं. तिने माझ्यासाठी तो शब्द टाकला होता, हेही कळत होतं, आणि तो तसाच राहिला तर पुढच्या प्रत्येक वेळी इथे काय होईल तेही. मशीन भिंतीला टेकवून मी उभी राहिले. परत जावं की काय, असा विचार करत होते.

तेवढ्यात चतुराबाईने हातातला पाईप ड्रममध्ये सोडला आणि पुढे आली.

"कडूबा, तुझ्या आईसमोर कोन बोललं नाय. मपल्यासमोर मीच बोलते," ती म्हणाली. "आता लाईनीत म्होरं मी हाय."

"मावशी, काय बी काय बोलता!"

"गप. तुझ्या आईला तू व्हतास. मला उचलायला कोन हाय?"

"मी हाय की."

"तुझी कंबर तुला सरळ व्हऊ देईना. आन् मला कुनाच्या कडंवर जायचं नाय. न्हान हाय का मी? मला आडवी न्या. चार मान्सं घ्या आन् नीट आडवी न्या." तिचा आवाज शेवटाला फाटला. "तुझी आई बसली वर्सभर, सुखानं बसली. मी एक दिस बसले नाय त्याच्यावर. मला बसवतच नव्हतं."

नळाचं पाणी वाहून चाललं होतं, ते कुणी बंद केलं नाही.  मग कडूबा वाकला, ओट्याला कपाळ लावलं आणि बाजूला झाला.

फोडायला दुपार झाली. काँक्रीट मी सांगितलं होतं तसंच पक्कं निघालं. सळ्या कापताना, खांब उपटताना, जाळीचे तुकडे गोणीत भरताना मी तिथेच होते, आणि गोण्या रस्त्यापर्यंत मीही वाहिल्या. हाताला फोड आले. त्याने काही फिटलं, असं मी म्हणणार नाही.

जागा झाडून झाल्यावर फकिरा आत गेला आणि बांबू घेऊन आला. तोच होता की दुसरा, मी विचारलं नाही. त्याने तो कमरेच्या उंचीवर आडवा धरला आणि आतल्या घरांकडून चालत वळणापर्यंत आला. चतुराबाई आपल्या दारात उभी राहून बघत होती. एक टोक कोपऱ्यात गेलं, दुसरं फिरलं.

"वळला का रे?" तिने विचारलं.

 फकिरा बांबू धरून तसाच उभा राहिला. कडूबाने तोंड फिरवलं.

"वळला, मावशी," मी म्हणाले. "कुठे लागला नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. मग ती द्वारकाबाईच्या घरात गेली, रंगाची ती बादली घेऊन बाहेर आली, मोकळ्या कोपऱ्यात पालथी घातली आणि हातांनी गुडघे धरत तिच्यावर बसली. रस्त्याकडे एकदा बघितलं, आतल्या घरांकडे एकदा बघितलं.

"ही उचलता येती," ती मला म्हणाली. "टाइम आला की बाजूला करा."